खीरदानानंतरची सकाळ

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वस्तीतून एक फेरी मारून बघा. इंदोरा असो, पाचपावली असो, वैशालीनगर असो की तिकडे ऊंटखाना, रामबाग, रामेश्वरी असो, चित्र सारखेच दिसते. वर पंचरंगी धम्मध्वजाच्या पताका हलत असतात. खाली खिरीने चिकट झालेले द्रोण, चमचे, पाण्याचे फाटके पाऊच आणि चेंगरलेले पेले नालीच्या कडेला पडलेले असतात. कुत्री त्यात तोंड घालतात, गाय शिळी खीर प्लास्टिकसकट गिळते. कुणीतरी अर्धा ढीग झाडून कोपऱ्यात लोटलेला असतो आणि त्याला काडी लावलेली असते. शेजारच्या घरातले दम्याचे म्हातारे त्या धुरात खोकत बसतात.

आम्ही हे दुरून पाहून लिहीत नाही. खीर ढवळणाऱ्यांत आम्ही होतो, वाटणाऱ्यांत होतो आणि रात्री अकरा वाजता मांडव सोडून घरी जाणाऱ्यांतही आम्हीच होतो. अशाच एका सकाळी खांद्यावर पोते घेतलेली एक बाई त्या ढिगातून बाटल्या वेचत होती. आमच्यातला एकजण तिला म्हणाला, "मावशी, हातमोजे घालत जा ना." ती मान वर न करता म्हणाली, "उष्टं येगळं ठेवलं असतं ना भाऊ, तं मले यात हातच घालावा लागला नसता." ती पलीकडच्याच गल्लीत राहते. आदल्या रात्री खिरीच्या रांगेत तीही होती.

तिचे ते बोलणे आमच्या मनातून गेले नाही. दान देताना आम्ही घेणाऱ्याचा विचार केला होता, दानाच्या मागे उरलेल्या कचऱ्याचा केला नव्हता. आरोग्याच्या या पानावर आजवर मधुमेह, सिकलसेल, क्षयरोग अशा विषयांवर आपण बोलत आलो. आज कचऱ्यावर बोलू या, कारण तोही आपल्या वस्तीच्या आरोग्याचाच प्रश्न आहे. आमचे म्हणणे साधे आहे. घरोघरी उपदेश करण्याआधी आपल्या विहार समित्या, महिला मंडळे, जयंती मंडळे आणि युवक संघ यांनी स्वतःचा कचरा सांभाळून दाखवावा. वस्तीत हा बदल कुणी आणू शकत असेल, तर याच संस्था आणू शकतात.

आधी हिशेब मांडू

एक हजार लोकांचे भोजनदान धरा. माणशी एक ताट, एक द्रोण, एक पेला आणि एक चमचा. म्हणजे एका दुपारी चार हजार वस्तू. त्या साधारण पंधरा मिनिटे वापरल्या जातात आणि मग फेकल्या जातात. पाण्याचे पाऊच आणि बाटल्या यांची मोजणी यात नाही. आता आपले वर्ष आठवा. 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा, वर्षावासातील ग्रंथवाचनाचा समारोप, अशोक विजयादशमी, 6 डिसेंबर, रमाईची जयंती. त्यात घरोघरचे मंगल परिणय, नामकरण आणि पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम मिळवा. एका विहाराच्या अंगणातून वर्षाकाठी किती हजार ताटे बाहेर जातात, याचा हिशेब कोणत्याही समितीच्या वहीत नसतो. मांडवाचा खर्च लिहिलेला असतो, आचाऱ्याचा असतो, साउंडचा असतो. कचऱ्याचा रकानाच नसतो.

घरांचा हिशेबही असाच आहे. माणशी दिवसाला साधारण चारशे ग्रॅम कचरा धरला, तर पाच माणसांच्या घरातून दोन किलो निघतो. पाचशे घरांच्या वस्तीतून दिवसाला एक टन. त्यातला निम्मा किंवा त्याहून अधिक भाग भाजीचे देठ, साली, उरलेले अन्न, फुले असा ओला असतो. तो कुजतो आणि त्याची माती होते. त्याच्यात कागद, बाटल्या आणि पन्नी मिसळली की मग मात्र ना खत होते, ना भंगार विकले जाते. सगळ्याचा मिळून एकच घाण लगदा होतो. कचऱ्याचा प्रश्न मुळात या मिसळण्याचा आहे.

हा लगदा जातो कुठे?

पूर्व नागपुरात भांडेवाडी आहे. शहरातून दररोज हजार टनांहून अधिक कचरा निघतो आणि वर्षानुवर्षे तो तिथे नेऊन टाकला गेला. तिथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. उन्हाळ्यात त्यांना आगी लागतात आणि त्या लवकर विझत नाहीत. ओला कचरा दाबून ठेवला, त्याला हवा मिळाली नाही, की तो कुजताना मिथेन वायू सोडतो. हा वायू पेटतो. आतल्या आत धुमसत राहतो. आता जुना कचरा खोदून, चाळून, वेगळा करण्याचे काम तिथे हाती घेतले आहे. पण रोज नवा मिसळलेला कचरा येतच राहिला, तर जुना उपसून किती फरक पडणार?

भांडेवाडीच्या आजूबाजूला बंगले नाहीत. तिथे कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. दुर्गंधी, माशा, धूर आणि बिघडलेले पाणी यांबद्दल तिथले लोक अनेक वर्षांपासून आंदोलने करत आले आहेत. आपल्या विहारासमोरून उचललेला द्रोण नाहीसा होत नाही. तो आपल्यासारख्याच कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो.

शरीरावर काय परिणाम होतो

एडिस डास घाणेरड्या गटारापेक्षा साचलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. रिकामा पेला, नारळाची करवंटी, फुटकी कुंडी, छतावर टाकलेले टायर यांत पावसाचे पाणी साचले, की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हाच डास डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवतो. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा, असे आरोग्य कर्मचारी सांगतात. पण नालीकडेला पडलेला आपल्या भोजनदानाचा पेला कोण कोरडा करणार?

दुसरा धोका धुराचा. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. ते जळले की काळी काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि स्टायरीन हवेत जाते. ढिगात पीव्हीसीचा तुकडा असेल, तर डायऑक्सिन तयार होते. हा कर्करोगकारक पदार्थ शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहतो. एका खोलीच्या घरात, दाराशी ढीग जळत असताना, लहान मूल तोच धूर छातीत घेते. कचरा जाळणे हा गुन्हाही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड ठरवून दिला. पण आम्हाला दंडापेक्षा मुलांच्या छातीची काळजी अधिक वाटते.

तिसरा धोका तुंबलेल्या नालीचा. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले. त्या पुराची कारणे अनेक होती. पण पन्नी आणि ताटांनी बुजलेली नाली साध्या पावसातही वस्तीत पाणी भरवते, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र असते आणि पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. फुटक्या नळजोडणीत तेच पाणी शिरले, की हगवण आणि कावीळ येते.

चौथा धोका वेचणाऱ्या हातांना. ढिगात फुटकी काच असते, इन्सुलिनच्या सुया असतात, गुंडाळून न टाकलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर असतात. एक सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होऊ शकतो.

हे हात कुणाचे आहेत?

हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. या देशात घाण कोण करतो हे जातीने ठरत नाही, पण ती कोण उचलतो हे मात्र जातीने ठरत आले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडून द्यायला सांगितले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले. त्यासाठी मार खाल्ला, बलुते गमावले, बहिष्कार सोसला. त्या त्यागामुळे आज आपल्यातले पुष्कळजण शिकले आणि नोकरीला लागले. पण महापालिकेच्या आणि कंत्राटदारांच्या सफाई कामगारांत, कचरा वेचणाऱ्या बायांत आणि गटारात उतरणाऱ्या माणसांत आजही बहुतेक कोण आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. 2013 मध्ये हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा नवा कायदा झाला, तरी गटारातले मृत्यू थांबले नाहीत.

मग आपण एवढे करू शकतो की नाही? जे काम आपल्या माणसांवर लादले गेले, ते आपल्या आनंदाच्या दिवशी तरी अधिक घाणेरडे करू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुनीत भंगी याच्या दीक्षेची कथा दिली आहे. राजगृहातला रस्ता झाडणारा सुनीत बुद्धांना येताना पाहून अंग चोरून उभा राहतो आणि बुद्ध त्याला संघात घेतात. आपण ही कथा वर्षावासात वाचतो आणि डोळे पुसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच दारात झाडू घेऊन आलेल्या सुनीतसाठी मात्र उष्ट्याचा डोंगर ठेवून देतो.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आणखी एक प्रसंग आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींच्या जमिनीवरच्या सतरंज्या, सतरंज्यांची पायपुसणी आणि पायपुसण्यांचे धूळ झाडायचे फडके. शेवटी फडकेही विरले, की ते कुटून मातीत कालवून त्याने जमीन सारवू. काहीच वाया गेले नाही. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. वस्तू पुन्हा वापरा, शेवटी मातीला मिळू द्या, हे सांगायला आपल्याला बाहेरून कुणी तज्ज्ञ आणण्याची गरज नाही.

समितीने काय करावे

पहिले काम भांड्यांचे. प्रत्येक विहारात भांड्यांचे एक कपाट असावे. सुरुवातीला दोनशे स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले पुरतील. दानपेटीतून सगळे एकदम जमत नसेल, तर आईवडिलांच्या स्मृतिदिनी पंचवीस-पंचवीस ताटांचे दान मागावे. ताटावर नाव कोरून द्यावे. आपल्याकडे पंखा, घड्याळ, खुर्च्या दान देण्याची प्रथा आहेच. इतवारीत जाऊन भाव काढला आणि दरवर्षी पत्रावळ, पेले, चमच्यांवर होणारा खर्च शेजारी मांडला, की किती कार्यक्रमांत ही भांडी आपली किंमत वसूल करतात ते समितीला लगेच दिसेल. पुढे हीच भांडी वस्तीतल्या लग्नांना आणि पुण्यानुमोदनाला नाममात्र भाड्याने द्यावी. महिला मंडळाने हे काम चालवावे आणि ते भाडे मंडळाच्याच खात्यात जावे.

धुण्याला पाणी लागते, ही अडचण खरी आहे. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला आम्ही हे सहज सांगत नाही. नळाखाली एकेक ताट धुतले तर पाणी फार जाते. त्याऐवजी तीन टब ठेवा. ताट आधी उष्ट्याच्या डब्यात नीट निपटून घ्या. पहिल्या टबात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात कढत. मग ताटे उन्हात पालथी ठेवा. एवढेही पाणी नसेल, तर पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण वापरा. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात पळस भरपूर आहे आणि पत्रावळी लावणाऱ्या बायांना त्यातून चार पैसे मिळतात. फक्त कागदी म्हणून मिळणाऱ्या चकचकीत ताटांना फसू नका. त्यांवर प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती कुजत नाहीत आणि रद्दीतही जात नाहीत. थर्माकोलची ताटे तर राज्यात मार्च 2018 पासून बंद आहेत. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकची ताटे, पेले आणि चमचे देशभर बंद झाले. दुकानात मिळतात म्हणून ती कायदेशीर ठरत नाहीत.

दुसरे काम पाण्याचे. पाऊचऐवजी वीस लिटरच्या कॅन किंवा माठ ठेवा, शेजारी स्टीलचे पेले आणि ते धुण्याची बादली. रॅलीत जाणाऱ्यांनी आपली बाटली घरून न्यावी. आमंत्रणाच्या पत्रिकेत एक ओळ छापा: आपला पेला सोबत आणावा. सुरुवातीला लोक हसतील, दोन वर्षांत सवय होईल.

तिसरे काम तीन डब्यांचे. मांडवात जेवणाच्या जागेपासून पाच पावलांवर तीन ड्रम ठेवा. एक उष्ट्याचा, एक कागद, खोके, बाटल्यांचा आणि एक उरलेल्या गोष्टींचा. ड्रमशेजारी एक माणूस उभा करा. नुसत्या पाटीने काम होत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे. आणि तिथे उभा राहणारा माणूस समितीचा अध्यक्ष असू द्या, सचिव असू द्या, कॉलेजातले मूल असू द्या. दरवेळी त्याच बायांना उभे करू नका. अध्यक्ष ड्रमजवळ उभा दिसला, की लोक आपोआप ताट नीट निपटतात.

चौथे काम खताचे. विहारात रोज फुले वाहिली जातात. हारांतले दोरे आणि पन्न्या काढल्या, की बाकी सगळे मातीचे अन्न आहे. अंगणात विटांची जाळीदार टाकी बांधता येते. ही पद्धत आपल्याच विदर्भातली आहे. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी ती शोधली आणि शेतकऱ्यांत ते 'नाडेप काका' म्हणून ओळखले गेले. शेतातली मूळ टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते. हवा खेळावी म्हणून विटांमध्ये फटी ठेवतात. थर भरून मातीने लिंपले, की साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. विहाराला तीन-चार फुटांची छोटी टाकी किंवा भोके पाडलेला जुना ड्रमही पुरेल. एक भाग ओला कचरा टाकला, की त्यावर दोन भाग सुकी पाने आणि थोडी माती टाकायची. वास आला, तर समजा की ओलावा जास्त झाला. मग सुकी पाने वाढवा आणि वरखाली करा. तेलकट भाजी आणि हाडे टाकू नका, उंदीर येतात. वर जाळी ठेवा. तयार झालेले खत विहारातल्या बोधिवृक्षाला घाला आणि उरलेले वस्तीतल्या कुंड्यांना द्या. मेणबत्त्यांचे उरलेले मेण वेगळ्या डब्यात साठवा. वितळवून त्याच्या पुन्हा मेणबत्त्या होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना हे काम आवडेल.

पाचवे काम सुक्या कचऱ्याचे. खोके, पेपर, बाटल्या, दुधाच्या पन्न्या, पत्रा हे सगळे कबाडी घेतो. महिन्यातला एक रविवार ठरवा. त्या दिवशी घरोघरचा सुका कचरा विहाराजवळ जमा होईल आणि वस्तीतल्या वेचणाऱ्या बायांनाच तो पहिल्यांदा मिळेल. कुरकुरे-चिप्सची चकचकीत पाकिटे कबाडी घेत नाही. ती मुळात कमी आणणे एवढाच त्यावर उपाय. सॅनिटरी पॅड आणि डायपर जुन्या पेपरात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात ही खूण रुजवण्याची मोहीम झाली, म्हणजे वेचणाऱ्या बाईला न उघडताच कळते. सुया झाकणाच्या घट्ट बाटलीत ठेवून दवाखान्यात परत द्या.

इतरांनी करून दाखवले

पुण्यात 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातल्या बहुतेक सदस्य दलित समाजातल्या बाया. आम्ही भीक मागत नाही, शहराचे काम करतो, म्हणून आम्हाला ओळखपत्र द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे 2008 मध्ये त्याच बायांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि पुणे महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा घेऊ लागल्या. घरे त्यांना दरमहा शुल्क देतात आणि सुका कचरा विकून आलेला पैसाही त्यांचाच. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या अंबिकापुरात बचत गटांच्या बाया कचरा गोळा करून निवडतात आणि विकतात. तिथल्या जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग झाली. कोकणातल्या वेंगुर्ल्यानेही कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून आपला डेपो लोकांनी बघायला यावा असा केला. ही गावे नागपूरहून कितीतरी लहान आहेत हे खरे. पण एक वस्ती त्याहूनही लहान असते.

काही आक्षेप, आणि आमचे उत्तर

"हे महापालिकेचे काम आहे, आपण का करायचे?" असे आमच्यातलेच अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिले गेले की, झोपडपट्ट्यांसह सर्व घरांतून वेगळा केलेला कचरा दारोदारी गोळा करण्याची सोय स्थानिक संस्थेने करावी आणि कचरा वेचणाऱ्यांच्या संघटनांना मान्यता देण्याची पद्धत उभारावी. अरुंद गल्लीत गाडी येत नाही म्हणून वस्तीला घाणीत ठेवणे योग्य नाही. गाडी येत नसेल तर हातगाडी यावी. ही मागणी आपण आसीनगर असो की हनुमाननगर, आपापल्या झोन कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पण मागणी करणाऱ्याच्या हातात वेगळा केलेला कचरा असेल, तर ती मागणी परतवणे अधिकाऱ्याला अवघड जाते. आम्ही काम सोडून हक्क मागा असे म्हणत नाही, आणि हक्क सोडून काम करा असेही म्हणत नाही.

"आम्ही वेगळा करतो आणि गाडीवाला पुन्हा एकत्र टाकतो." हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच ओला कचरा वस्तीतच मुरवा आणि सुका वस्तीतच विका, असे आम्ही सुचवतो. गाडीत जायला उरेल तो छोटासा भाग. तो मिसळला तरी नुकसान कमी. गाडी मिसळत असेल, तर तारीख-वेळ लिहून तक्रार करा. पण गाडीवरच्या मुलाशी भांडू नका. तो कंत्राटावर आहे आणि त्याला वेळेत फेरी संपवायची असते.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला विचारले, "आमच्या बापाने झाडू टाकून दिला, आता तुम्ही तो पुन्हा आमच्या पोरांच्या हातात देता काय?" आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. विचार केल्यावर असे वाटते: बापाने टाकून दिला तो दुसऱ्याची घाण उचलण्याचा, जन्माने लादलेला झाडू. स्वतःची जागा स्वतः साफ करणे वेगळे. विहार झाडणे हे भिक्खूंच्या रोजच्या आचरणात आहे. पण फरक कायम राहावा म्हणून दोन नियम पाळले पाहिजेत. काम सर्वांनी पाळीपाळीने करावे, बाई-पुरुष, शिकलेला-न शिकलेला असा भेद न करता. आणि जिथे कुणाला कामासाठी बोलावले जाईल, तिथे पूर्ण मजुरी, हातमोजे आणि बूट द्यावे. समाजकार्य म्हणून फुकट राबवू नये.

दीक्षाभूमीचा दिवस

अशोक विजयादशमीला देशभरातून लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. 14 ऑक्टोबर 1956 च्या त्या दिवसाची आठवण म्हणून नागपूरकर त्यांना जेवू घालतात. रस्त्यांवर जागोजागी लागणारे भोजनदानाचे स्टॉल ही आपल्या शहराची शान आहे. ते कमी व्हावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाच्या हातात गरम भात पडतो, याहून मोठे दान नाही.

एवढ्या गर्दीत स्टीलची ताटे सगळीकडे जमणार नाहीत, हेही आम्ही मान्य करतो. तिथे पळसाची पत्रावळ चालेल. प्रत्येक स्टॉलने दोन ड्रम आणि चार स्वयंसेवक फक्त कचऱ्यासाठी ठेवावे. 2016 च्या नियमांनुसार शंभरहून अधिक लोकांच्या कार्यक्रमाची सूचना तीन दिवस आधी महापालिकेला देणे आणि कचरा वेगळा करून देणे ही आयोजकाची जबाबदारी होती. सूचना द्या, गाडीची वेळ लिहून घ्या. आणि शेवटचे पातेले रिकामे झाले म्हणजे स्टॉल संपला असे समजू नका. समोरचा रस्ता झाडून झाला की स्टॉल संपला. शेजारच्या स्टॉलवाल्यांना सोबत घ्या. दहा स्टॉलनी मिळून हे केले, तर अकरावा लाजेने करेल.

आमची विनंती

वस्तीतल्या प्रत्येक समितीने पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडावे. एक, यापुढे आमच्या कार्यक्रमात थर्माकोल आणि प्लास्टिकची भांडी येणार नाहीत. दोन, खर्चाच्या वहीत कचऱ्याचा रकाना असेल: किती ताटे, किती ड्रम, कुठे गेले. तीन, विहाराच्या अंगणात खताची टाकी असेल आणि तिची पाळी फळ्यावर लिहिलेली असेल. ठराव झाला की त्याखाली सह्या घ्या आणि विहारात लावा. वर्षभरानंतर काय जमले, काय फसले, ते आम्हाला कळवा. फसलेलेही कळवा, म्हणजे दुसऱ्या वस्तीला त्यातून शिकता येईल.

पुढची बुद्धपौर्णिमा येईल. पुन्हा पातेले चुलीवर चढेल, दूध आटेल, मुले वाट्या घेऊन रांग लावतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मावशी पोते घेऊन येईल. त्या सकाळी विहारासमोर खोके आणि बाटल्यांची स्वच्छ, बांधलेली थप्पी तिच्यासाठी ठेवलेली असावी. तिला उष्ट्यात हात घालावा लागू नये. यंदा आपण एवढे तरी करूच या.